वाळलं म्हणजे काय वाळलं

नातवाच्या, सुरेंद्रच्या, उष्टावणाच्या दिवशी सकाळी वेंकटलक्ष्मी खिरीचे तांदूळ तुपात परतत होती आणि भिंतीपलीकडे तिची सून नवऱ्याला काहीतरी सांगत होती. तिला ऐकायचं नव्हतं. पण देवानं डोळ्यांना पापण्या दिल्या आणि कानांना द्यायचं विसरला, त्याला ती तरी काय करणार.

"हर्षा, शेवटी वाळलं गा," हरिणी म्हणाली. "बहुत वाळलं. तूच बघ."

मग एक आवाज आला. तो हुंदका होता की हसू, हे विटांच्या आडून कळण्यासारखं नव्हतं. वेंकटलक्ष्मीनं तो हुंदका धरला.

महाराष्ट्रात आईचं दूध आटतं. कावेरीकाठी तीनशे वर्षं राहिलेल्या या घराच्या मराठीत ते वाळतं. आणि माणूस बारीक झालं, तर तेही वाळतंच. पूर्वज तंजावरला उतरले तेव्हा बरोबर आणलेल्या शब्दांतले काही वाटेत सांडले, काही तमिळनं गिळले आणि जे उरले त्यांच्यावर दुप्पट काम पडलं. तेव्हा इथं कुणी 'ध'चा 'मा' केला नव्हता. शब्द जसाच्या तसा पोचला होता. ऐकणारीनं फक्त आपल्याला ठाऊक होता तो अर्थ घेतला.

तांदूळ करपले. तिनं ते काढून टाकले आणि नवे घेतले.

तिला तोच अर्थ का ठाऊक होता, हेही सांगून टाकायला हवं. श्रीहर्ष झाला तेव्हा सगळं कुटुंब तिरुनीलक्कुडीला एकत्र होतं. पहिल्या पंगतीला पुरुष, मग पोरं, मग थोरल्या बायका आणि भांडी खरवडायच्या वेळी सुना. ओली बाळंतीण असो की आणखी कोणी, सून ती सूनच. रसमचं पाणी आणि बुडाला लागलेला भात यांवर जितकं दूध यायचं तितकं आलं आणि पोराला मान धरता येण्याआधीच बंद झालं. सासू म्हणाली, "हिच्या अंगातच नाही." पुढं लेक झाली तेव्हा तिला छातीशी लावूच दिलं नाही, आणि वेंकटलक्ष्मीलाही कितीतरी वर्षं तेच खरं वाटत होतं. श्रीहर्ष पाणी घातलेल्या गाईच्या दुधावर वाढला. वाढला चांगला, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, पण ते तीन-चार महिने तिनं त्याचं रडणं ऐकत काढले, आणि ही गोष्ट तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती.

म्हणून हरिणीला दिवस राहिले तेव्हाच तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. या घरात बाळंतीण उपाशी राहणार नाही. कांदा-लसूण या वैष्णवांच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आला नव्हता. पण लसणानं दूध येतं म्हणतात, म्हणून वेंकटलक्ष्मीनं मागच्या अंगणात नारळाखाली वेगळी चूल मांडली, तिच्यावर कलचट्टी, म्हणजे दगडाचं भांडं, ठेवली आणि जन्मात लसूण न चाखलेल्या त्या बाईनं तो नाकाला पदर लावून सुनेसाठी रोज शिजवला. शिवाय सुंठ, गूळ, तूप घालून बरणीभर लेहियम केलं. शिवाय खीर. शिवाय दुपारी 'नुसतं तोंडात टाकायला' म्हणून चकलीसारखे मुरुक्कू. हरिणीला दूध आलं, भरपूर आलं. पण त्याबरोबर हरिणीही भरपूर झाली. बाळंतपणात चढलेलं अंग उतरण्याऐवजी आणखी भरलं आणि नंतर हटेचना. सारंगपाणीच्या देवळात एका म्हातारीनं तिला बसायला जागा दिली आणि मायेनं विचारलं, "कितवा महिना ग पोरी?" सुरेंद्र तेव्हा बापाच्या कडेवर होता.

त्या दिवशी हरिणी घरी येऊन रडली आणि दुसऱ्या दिवशी उठून तिनं नियम केला. जी वस्तू शेतातून ताटात यायला कारखान्यातून जाते, ती खायची नाही. पांढरा तांदूळ गेला, तांबडा हातसडीचा आला. साखर, मैदा, बिस्किटं गेली. नाचणीची अंबील, मूग, भगर, केळीचा गाभा, शेवग्याचा पाला, नारळ, घट्ट दही. डॉक्टरीण म्हणाली होती, पाजतेस तोवर उपास करू नको, पोटभर खा, पण खरं अन्न खा. अंग हळूहळू उतरेल, घाई केलीस तर दूध जाईल. हरिणी ताट भरून खात होती. पण त्या ताटात खीर नव्हती, आणि वेंकटलक्ष्मीच्या हिशेबी खिरीवाचून ताट म्हणजे उपासच.

"माझं लेहियम काय कारखान्यातून आलं गे?" ती एकदा विचारून बसली होती.

"नाही आत्या, पण त्यात गाय बुडेल एवढं तूप आहे," हरिणी हसली होती. सासूला आत्या म्हणायची इकडची रीत. तेव्हापासून रोज एक लहान चमचा, यावर तह झाला होता. आणि आज उष्टावणाच्या दिवशीच हे ऐकू आलं.

खीर उतरवून होतेय तोच तंजावरहून विहीणबाई आल्या. हरिणीची आई विजयलक्ष्मी. या दोघींचं वैर नव्हतं, पण विहिणी होत्या. लेकीला कोण जास्त जपतं, यावर दोघींत एक वर्ष नुसती गोड गोड झुंज चालली होती. विजयलक्ष्मींनी पिशवी खाली ठेवली, पाय धुतले आणि वेंकटलक्ष्मीचा चेहरा पाहून थांबल्या.

"काय जाहलं विहीणबाई?"

वेंकटलक्ष्मीनं त्यांना हाताला धरून देवघराच्या आडोशाला नेलं. "कुणाला सांगू नका. हरिणीचं वाळलं."

विजयलक्ष्मींनी कपाळाला हात लावला. "अय्यो. मजला वाटलंच होतं. ती अंबील पाहिली तेव्हाच म्हणाले मी, हे कुणाचं अन्न. पण आजकालच्या पोरी आईचं ऐकतात कां?"

"सासूचं तरी कुठं ऐकतात."

एका वर्षात पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं होतं. त्या एकमतापुढे 'कुणाला सांगू नका' किती टिकणार? विजयलक्ष्मींनी फक्त नाचियार्कोविलला फोन केला, कारण तिथून लावण्या येणार होती, वेंकटलक्ष्मीची धाकटी जाऊ, आणि तिच्या शेजारी सरकीचं दूध चांगलं मिळतं, त्यानं आईचं दूध वाढतं म्हणतात. लावण्यानं फक्त सहानाला सांगितलं, कारण वेंकटलक्ष्मीची ही लेक चेन्नईहून गाडीनं निघालीच होती आणि वाटेत दुकानं होती. गोष्ट षट्‌कर्णी झाली म्हणतात ते खरं, पण पुढं कान मोजायची सोय राहत नाही.

एक व्यासराज तेवढे राहिले. वेंकटलक्ष्मीचे यजमान. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या बातम्या शेवटी ऐकत. सोवळं नेसून पूजेला बसायला आले, तर मागच्या अंगणातून धूर आणि तो वास. ते दारातच थबकले.

"आज? लसूण? आज देवापुढं नैवेद्य आहे वेंकटू."

"नैवेद्य आत आहे. लसूण बाहेर आहे. देवाला भिंत कळते."

"पण आजचा दिवस तरी..."

"आजचाच दिवस," ती म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं असा आवाज काढला नव्हता. व्यासराज आत गेले आणि त्यांनी नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं मंत्र म्हटले.

मुहूर्त पार पडला. व्यासराजांच्या मांडीवर बसून सुरेंद्रनं सोन्याच्या अंगठीनं ओठाला लावलेली खीर चाटली, विचार केला, आणि आजोबांचं जानवं ओढून तोंडात घातलं. घरात त्याला सगळे सुरी म्हणत. पुण्याचे एक पाहुणे हे नाव ऐकून दचकले होते, पण कुंभकोणमात सुरेंद्रचा सुरीच होतो, त्याला धार नसते. सगळे हसले, आणि हसता हसता एकमेकांकडे पाहून गप्प झाले. पोराला खीर आवडली हे बरंच झालं, असं जो तो मनात म्हणत होता.

मग हरिणीच्या ताटापुढं वस्तू यायला लागल्या. लावण्यानं पितळी डब्यातून सरकीचं दूध ओतलं आणि पाठीवरून हात फिरवला. विजयलक्ष्मींनी कच्च्या पपईचं कूटू, डाळ घातलेली दूधवाढीची भाजी, वाढलं आणि नजर चुकवली. वेंकटलक्ष्मीनं लेहियमचा गोळा ठेवला, लहान चमचा नव्हे, चांगला लिंबाएवढा. हरिणी एकेकीकडे पाहत राहिली. आज तिनं हिरवं रेशमी नेसलं होतं, बाळंतपणानंतर पहिल्यांदा त्याच्यावरचं पोलकं बसलं होतं, आणि एकीनंही ते पाहिलं नव्हतं.

"सगळ्यांना काय झालंय?" तिनं श्रीहर्षला हळूच विचारलं. त्यालाही काही कळेना.

शेवटी सहानानं पिशवीतून दुधाच्या पावडरीचा डबा काढला. सहाना मनानं चांगली, फक्त सगळ्यांचं आपणच निस्तरायचं ही तिची जुनी खोड. तिनं डबा हरिणीच्या शेजारी ठेवला आणि आवाज मऊ केला. "वहिनी, मनाला लावून घेऊ नको. माझंही लवकरच गेलं होतं. आताची पावडर चांगली असते."

"काय गेलं होतं?"

"तेच. दूध. अम्मा म्हणाली म्हणे, तुझं वाळलं."

हरिणीनं सासूकडे पाहिलं, श्रीहर्षकडे पाहिलं, आणि तिला हसू फुटलं. "ते वाळलं? अहो आत्या, मी वाळले. मी. हे पोलकं बघा. सकाळी हुक लागला म्हणून हर्षाला दाखवत होते."

श्रीहर्ष खो खो हसला. लावण्या हसली. व्यासराजांनाही आता लसणाचा उलगडा झाला आणि तेही मिशीत हसले. वेंकटलक्ष्मी खांबाला टेकून खाली बसली. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण घरोघरी मातीच्या चुली, आणि चूल पेटली की तिच्यावर काहीतरी शिजवल्याशिवाय बायकांना राहवत नाही.

"आज नाही वाळलं, उद्या वाळेल," विजयलक्ष्मी म्हणाल्या. "देवानं आधीच सूचना दिली म्हणायची. आता पुरे गे हे तुझं. अंग उतरलं ना? मग उद्यापासून नीट खा."

"मी नीटच खाते अम्मा. अजून पुष्कळ उतरायचंय."

"मग असं कर," सहाना म्हणाली. "डबा आणलाच आहे. पोरगं आजपासून खातंय. पाजणं थांबव आणि मग हवं तेवढं वजन उतरव. दोन्ही दगडांवर पाय ठेवून कसं चालेल?"

"तेही खरंच," लावण्या म्हणाली.

बघता बघता सगळ्या एका बाजूला झाल्या. एकीला लेकीचं अंग भरलेलं हवं होतं, दुसरीला पोराचं पोट, तिसरीला फक्त निर्णय हवा होता. हरिणीच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. तिनं डबा दूर सारला, पण हात घट्ट नव्हता. वेंकटलक्ष्मीनं ते पाहिलं. आठवड्यातून दोन-चारदा तरी पोरगं रात्री उठतं तेव्हा ही मुलगी उठून बसते आणि आपल्याला पुरेसं आहे ना, असं स्वतःलाच विचारते, हे तिला भिंतीपलीकडून ऐकू येत असे. आता तिघींनी तेच विचारलं, की ही ढासळणार. आज डबा घरात राहिला, की महिन्याभरात खरंच वाळणार.

"आत्या," हरिणी म्हणाली. "तुम्हालाही ऐसंच वाटतं?"

सगळे वेंकटलक्ष्मीकडे पाहू लागले. तीच तर सगळ्यांची पुढारी होती. सकाळी तिनंच रान पेटवलं होतं.

"मजला एक सांग गे," ती म्हणाली. "तुजला भूक लागते?"

"लागते की. बहुत लागते."

"लागली की खातेस?"

"लागली की खाते. पोट भरेपर्यंत खाते. फक्त दुसरं खाते."

वेंकटलक्ष्मीनं मान हलवली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मी खात नव्हते. हर्षा झाला तेव्हा. पथ्य म्हणून नव्हे, नियम म्हणून नव्हे. माझ्यापर्यंत येईस्तोवर काही उरतच नसे. माझं जे वाळलं ते भुकेनं वाळलं. आणि सगळे म्हणाले, हिच्या अंगातच नाही. मीही तेच म्हणाले."

श्रीहर्षच्या कडेवर सुरेंद्र होता. त्यानं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आईकडे पाहतच राहिला.

"मजला माहीत नव्हतं," व्यासराज हळूच म्हणाले. "तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही पहिल्या पंगतीत असायचात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते व्यासराजांना जास्त लागलं. त्यांनी मान खाली घातली.

लावण्या मात्र उठून तिच्याजवळ येऊन बसली. "मला माहीत होतं अक्का," ती म्हणाली. "म्हणजे, माझी वेळ आली तेव्हा कळलं. मी बाळंतीण होते तेव्हा तुम्ही चुलीमागं भात झाकून ठेवायचात. माझी दोन्ही पोरं त्या भातावर वाढली. मी कधी विचारलं नाही, तुमच्यासाठी कुणी ठेवला होता कां."

"आता विचारून काय करतेस," वेंकटलक्ष्मी म्हणाली आणि तिच्या गालावर चापट मारली. पण डोळे भरले होते, ते तिनं लपवले नाहीत. मग तिनं पावडरीचा डबा उचलून सहानाच्या पिशवीत परत ठेवला. "तू मायेनं आणलास पोरी. पण हा परत जाऊ दे. उपाशी कोण आणि पथ्यावर कोण, एवढं मजला कळायला हवं होतं. कुणाला नसलं कळत तरी मजला."

"आणि अंग?" विजयलक्ष्मी म्हणाल्या. त्या सहजी हरणाऱ्या नव्हत्या. "पुन्हा असंच गवत खाऊन?"

"उतरेल हळूहळू. विहीणबाई, उद्या अंबील मी करते. तुम्ही चाखून बघा. मिठाशिवाय काही उणं नाही तिच्यात."

"ताक जास्त घालावं लागतं," विजयलक्ष्मी म्हणाल्या. "माझी आई कांदा घालायची."

"तो बाहेरच्या चुलीवर."

एवढ्यात सुरेंद्रनं सूर काढला. खीर तोंडदेखली होती, आता खरी भूक आली होती. श्रीहर्षनं हलवलं, सहानानं खुळखुळा वाजवला, आजोबांनी पुन्हा जानवं पुढं केलं, पण त्याला यातलं काही नको होतं. हरिणीनं हात पुढं केले. पोराला घेऊन ती आतल्या खोलीकडे वळली आणि दारात थांबली.

"आत्या, तुम्ही या माझ्याबरोबर."

"मी कशाला?"

"या तर."

खोलीत दुपारचा उजेड खिडकीच्या गजांतून चटईवर पडला होता. हरिणी भिंतीला टेकून बसली आणि तिनं पोराला पदराखाली घेतलं. वेंकटलक्ष्मी दाराशीच अवघडून उभी राहिली. पाजत्या आईच्या खोलीत आपण नजर लावू, अशी भीती तिला नेहमीच वाटे. म्हणून इतके महिने ती ताट दाराशी ठेवून परत फिरत आली होती. हरिणीनं जवळची जागा थोपटली, तेव्हा ती येऊन बसली, अगदी लागून.

सुरेंद्र आधी कुरकुरला, मग शांत झाला. बाहेर पानं मांडायचा आवाज येत होता, सहाना कुणाला तरी रागावत होती. आणि मग, त्या सगळ्याच्या खाली, वेंकटलक्ष्मीला ते ऐकू आलं. गट्. गट्. गट्. मध्ये एक श्वास, आणि पुन्हा गट्. पोर घाईघाईनं गिळत होतं, कारण जितकं येत होतं तितकं त्याच्या तोंडात मावत नव्हतं.

वेंकटलक्ष्मी हलली नाही. तिनं एका मुलाला छातीशी धरून दिवस काढले होते, आणि तो ओढत होता, ओढत होता आणि सोडून रडत होता. गिळण्याचा आवाज असा असतो, हे तिला साठीला आल्यावर आज कळत होतं.

"आत्या," हरिणी घाबरून म्हणाली, "काय जाहलं? रडता कां?"

"श्श," वेंकटलक्ष्मी म्हणाली आणि आणखी वाकली. "बोलू नको गे. ऐकू दे मजला."